गावनकाशाच्या शिबिराला संरक्षण कंपनीचा पैसा: घ्यायचा का?

पाणंदवाट

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आमचा गट लातूर, नांदेड आणि धाराशिवच्या काही तालुक्यांत ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे हौशी लोकांनी मिळून काढलेल्या, सगळ्यांना खुल्या नकाशावर काम करतो. उपग्रहाच्या चित्रावरून वस्त्या, तांडे, पाणंद रस्ते, ओढ्यावरचे फरशी पूल काढायचे आणि मग गावात जाऊन विचारायचं. चित्रात पत्र्याची दहा-बारा घरं दिसतात, पण त्या वस्तीला लोक काय म्हणतात, पहिल्या मोठ्या पावसात कुठला पूल पाण्याखाली जातो, ॲम्ब्युलन्स कुठल्या लिंबाच्या झाडापर्यंत येते आणि तिथून बाळंतिणीला बाजेवर घालून किती लांब न्यावं लागतं, हे तिथला माणूसच सांगतो. आमच्यात पगारी कोणी नाही. दोन मास्तर, एक लॅब टेक्निशियन, पंचायत समितीतल्या एक बाई, इंजिनिअरिंगची पोरं, आणि बँकेतला मी. घरबसल्या चित्रावरून रस्ते काढून देणारे दोन परदेशी मित्र आहेत, एक काठमांडूचा आणि एक ढाक्याची. ड्रोन एकच, पोरांनी सुटे भाग आणून जोडलेला, आर्डुपायलट या ड्रोन उडवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा.

आता एका कंपनीचं पत्र आलंय. नाव लिहीत नाही, विचारूही नका. टेहळणीचे ड्रोन बनवतात, गिऱ्हाईक मुख्यतः लष्कर. पत्र सभ्य आहे. दिवाळीनंतरच्या शिबिराचा सगळा खर्च, चार नवे ड्रोन, पोरांना इंटर्नशिप. बदल्यात बॅनरवर नाव आणि लष्करी अधिकाऱ्याच्या हस्ते उद्घाटन. इथपर्यंत ठीक. खरी मेख चौथ्या परिच्छेदात आहे. ड्रोनने काढलेली चित्रं आधी त्यांच्याकडे जाणार, महिनाभराने बाकीच्यांसाठी खुली होणार. आमच्या दोन-तीन पोरांनी त्यांच्या इंजिनिअरांबरोबर बसून, जीपीएस बंद पडलं तरी ड्रोनने वाट काढावी, असं कोड लिहायचं. आणि सहभागी होणाऱ्या प्रत्येकाचं नाव, आधार, राष्ट्रीयत्व आधी कळवायचं.

गटात उभी फूट पडलीय. माझं मत आत्ताच सांगून टाकतो, मागून कोणी निष्पक्षतेचा आव आणला म्हणायला नको: मला हे नको आहे. पण ‘नको वाटतं’ एवढंच उत्तर पत्रात लिहिता येत नाही. कारण टिकणारं हवं. म्हणून हा धागा.

---

तेरणाकाठ

यात विचारायलेत काय? घ्या की. सीएसआरच्या नावाखाली कोण काय वाटतं ते आपल्याला माहीत नाही का? चार ड्रोन म्हणजे चेष्टा आहे का राव. आहे तो पडला की पंख्यासाठी पोरं वर्गणी काढायलेत. आणि सैन्य आपलंच आहे, परक्याचं नाही. मागं मुखेडात ढगफुटी झाली तवा लोकांना काढायला कोण आलं होतं? २०२५ च्या ऑगस्टची गोष्ट आहे, फार जुनी नाही.

---

बिनकामाचा_गडी

तेरणाकाठ +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

अर्धवट_कोड

पाणंदवाट, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. त्या आधी सोडवू.

लष्कराने तुमचा नकाशा *वापरणं* तुम्ही थांबवू शकत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचं लायसन्स कुणालाही, कशासाठीही वापरायला देतं. मुक्त सॉफ्टवेअरचंही (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला) तेच. ओपन सोर्सच्या व्याख्येतलं सहावं कलम म्हणतं की कामाच्या क्षेत्रावरून भेदभाव करायचा नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारा स्टॉलमनसुद्धा म्हणतो की प्रोग्राम कशासाठी चालवायचा यावर अट घातली की तो मुक्त राहत नाही. उलट दिशेने प्रयत्न झालेत. २०१९ मध्ये ‘हिपोक्रॅटिक लायसन्स’ आलं, मानवी हक्कांचं उल्लंघन करायला हे सॉफ्टवेअर वापरू नका म्हणणारं. पण ओपन सोर्सवाल्या संस्थांनी ते आपल्या व्याख्येत बसवून घेतलं नाही आणि मोठ्या प्रकल्पांनी उचललं नाही. क्रॉकफर्ड नावाच्या प्रोग्रामरने जेसन या त्याच्या कोडच्या लायसन्समध्ये ‘चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको’ असं एक वाक्य टाकून ठेवलं होतं, त्यापायी डेबियनसारख्या मुक्त प्रकल्पांनी ते कोड मुक्त मानायचंच नाकारलं. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटू या मुक्त संगणक प्रणालीवर बेतलेली ‘माया’ नावाची प्रणाली आणली. उबुंटू डेबियनवर उभी आहे, आणि डेबियन म्हणजे जगभरच्या हौशी लोकांची फुकट मेहनत. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

व्यवहार उलटाही चालतो. एसईलिनक्स हे सुरक्षेचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने लिहिलं, २००० साली खुलं केलं, आज ते तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे. इंटरनेटवर ओळख लपवणाऱ्या टॉरची मूळ कल्पना अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतली. जीपीएस तर त्यांच्या संरक्षण खात्याचंच. तेव्हा सोवळं पाळायचं म्हटलं तर मोबाईल ठेवून द्यावा लागेल.

पण *सहकार्य* ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे नकार देता येतो. सगळ्यात जवळचं उदाहरण तुमच्याच ड्रोनमध्ये आहे. आर्डुपायलटचं लायसन्स जीपीएल, कुणीही वापरा. पण विकसकांनी स्वतःसाठी आचारसंहिता केलीय की या प्रणालीवर शस्त्र बसवायला आम्ही जाणूनबुजून मदत करणार नाही. जून २०२५ मध्ये युक्रेनने रशियाच्या विमानतळांवर जे ड्रोन सोडले त्यात आर्डुपायलट होतं. विकसक ते रोखू शकले नाहीत, आणि कुणी त्यांना दोषही देत नाही. ‘हे बसत नाहीये, जरा बघून देता का’ असं कुणी फोरमवर विचारलं तर उत्तर द्यायचं की नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं. तुमच्याही हातात तेवढंच आहे. ते थोडं नाही.

---

हमाल_डेटाचा

वा. म्हणजे कोड फुकट द्यायचा, बॉम्ब पडला की ‘आम्ही थोडीच मदत केली’ म्हणायचं. हात धुऊन मोकळे. आशाताईला जायला जो पूल लागतो तोच रणगाड्याला लागतो. नकाशा खुला ठेवताय तर ठेवा, पण बॅनर नाकारून कुठला मोठा नैतिक विजय मिळणार आहे ते मला तरी दिसत नाही.

---

अर्धवट_कोड

@हमाल, विजय कोण म्हणालं? खुल्या नकाशाचे परिणाम आपण थांबवू शकत नाही, मान्य. पण त्यावरून ‘मग मागितलं ते सगळंच द्या’ हे निघत नाही. बाकी चौथ्या परिच्छेदातल्या कोडबद्दल. जीपीएसशिवाय उडणं आर्डुपायलटमध्ये आधीपासून आहे, खाली कॅमेरा लावून जमिनीच्या हालचालीवरून अंदाज घेणारं. घराच्या आत, पुलाखाली उडवायला उपयोगी पडतं. ही कंपनी मागतेय ते मैलोगणती लांब, सिग्नल जाम केलेल्या भागात जाण्याचं. कापसावर फवारणी करताना जीपीएस कोण जाम करतंय सांगा बरं?

---

वाळूजकर

मी वाळूजला एका मशीन शॉपमध्ये आहे. आमच्याकडे मोटारसायकलचे भाग होतात आणि अधूनमधून संरक्षण खात्याची ऑर्डर पण येते. त्या आठवड्यात कुणी घरी बसत नाही. पगार त्यातूनच होतो. कर भरता तोही तिकडे जातो. मग शिबिरातल्या चहा-पोह्यांवर एवढी चर्चा का? पोटाला लागलं की तत्त्व नंतर.

आणि कलामांनी क्षेपणास्त्रासाठीच्या हलक्या धातूंपासून… चुकलो, धातू नाही, कंपोझिट… पोलिओच्या पोरांसाठी कॅलिपर केले हैदराबादच्या निम्स रुग्णालयात. तीन किलोच्या वरचं ओझं तीनशे ग्रॅमवर आलं. आपल्याकडचे पेशंट पण तिकडेच जातात. तेव्हा लष्करी पैसा म्हणजे सगळा काळाच, असं नाही.

---

पाणंदवाट

वाळूजकर, तुमचा मुद्दा मी खाली लोटत नाही. पण तुम्ही पगार घेऊन करता, ऑर्डर कुणाची हे तुम्हाला माहीत असतं, नको वाटलं तर (अवघड असलं तरी) शॉप बदलता येतं. आमच्याकडे रविवारी येणाऱ्या मास्तरांनी वेळ दिला तो ॲम्ब्युलन्ससाठी. तोच वेळ मी परस्पर दुसऱ्या कामाला लावला तर? पैशाच्या व्यवहारात निदान पावती असते.

आणि कलामांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे लष्करासाठी झालेलं काम रुग्णांकडे आलं. इथे रुग्णांसाठी झालेलं काम तिकडे न्यायचं म्हणतायत.

---

सुभेदार_निवृत्त

पहिल्यांदाच लिहितोय. पोरानं धागा दाखवला. मी सैन्यात इंजिनिअर्समध्ये होतो, पूल बांधणे, सुरुंग काढणे. मूळचा औसा तालुक्यातला.

‘लष्कराचा पैसा नको’ वाचून आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो. गणपती आदल्या रात्रीच बुडवलेले, माणसं थकून झोपलेली. माळवदाची घरं, वर हातभर माती, खाली दगडाच्या भिंती. सगळं आत बसलं. सैन्याच्या तुकड्या आल्या, आठवडाभर नुसते मुडदे काढले. वास जात नव्हता, जवान नाकाला कापूर बांधून काम करायचे. त्या गावात अजून कुणी गणवेशाबद्दल वाकडं बोलत नाही.

पण मग पोराकडून चौथा परिच्छेद परत वाचून घेतला. आणि सांगतो, मी तिथं अधिकारी असतो तर मीच हे नको म्हटलं असतं. सैन्यात नकाशा हुकमाचा भाग असतो. कुणी मोजला, कुणी तपासला, कुणाच्या सहीने बदलला हे ठरलेलं. तुमच्याकडं ढाक्याची बाई रात्री बसून रस्ता बदलते आणि तो चालतो. तुमच्यासाठी ते बरोबरच आहे. पण ही दोन कामं एका टेबलावर बसत नाहीत. एक तर तुमचं काम आमच्यासारखं होईल, नाही तर आमचं तुमच्यासारखं. दुसरं होत नसतं.

२००५ च्या नकाशा धोरणातच बघा, सर्व्हे ऑफ इंडियाचे दोन संच वेगळे केले, एक संरक्षणासाठी, एक सगळ्यांसाठी. उगाच नाही केले.

---

तेरणाकाठ

सुभेदारसाहेब, सलाम. पण तुम्हीच किल्लारी सांगितलं. उद्या परत तसं झालं अन् सैन्याकडं आपला नकाशा नसला तर?

---

सुभेदार_निवृत्त

असेल की. पोर म्हणतो बटण दाबलं की उतरवून घेता येतो. त्याला शिबिराचा बॅनर कशाला लागतो?

---

देशप्रेमी_४१३

*(हा प्रतिसाद संपादित केला आहे.)*

---

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद काढले आहेत. ‘पाकिस्तानात जा’ आणि ‘गणवेशवाले सगळे एकाच माळेचे’, दोन्ही इथे चालणार नाहीत. धाग्यात एक निवृत्त सैनिक आणि एक नकाशावाले एकमेकांशी नीट बोलतायत, त्यांच्याकडून शिका. पुढचा इशारा नाही, थेट कुलूप.

---

मांजरा_मैना

मी पाणंदवाटांच्या गटातली पंचायत समितीतली बाई. तांड्यांवर मीच जाते, कारण बायका माझ्याशी बोलतात. तिथली एक गोष्ट कुणी विचारली नाही.

आम्हाला माहिती दिली कुणी? मागच्या पावसाळ्याच्या आधी एका तांड्यावर गेलो. नायकाच्या घरासमोर खाटेवर बसलो. मी फोनवर घरं दाखवली, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “ती दोन घरं दावू नको गं बाय.” का म्हटलं तर गायरानावर आहेत. २०२२ च्या शेवटी हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना नोटिसा लागल्या होत्या, त्या तिच्या डोक्यात. मी सांगितलं, हे ॲम्ब्युलन्ससाठी आहे, तलाठ्यासाठी नाही. तिनं माझ्या शब्दावर पुढची सगळी नावं सांगितली. माझ्या. कंपनीच्या नाही.

आता तुम्ही म्हणाल गायरानाचा आणि सैन्याचा काय संबंध. काही नाही. तिच्यासाठी मात्र सरकार म्हणजे सरकार. खाकी, हिरवा, तलाठ्याचा झोळा, सगळं एकच. मी एकदा काम कशासाठी ते सांगितलं आणि मागून दुसऱ्याला चित्रं दिली, तर पुढच्या खेपेला त्या खाटेवर मला कुणी बसवून घेणार नाही.

मेक्सिकोत असं झालेलं आहे. वाहाका राज्यात डोंगरातल्या आदिवासी गावांबरोबर अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या भूगोलवाल्यांनी गावनकाशे केले. अगदी आपल्यासारखेच, गावकऱ्यांना बसवून, विचारून. पैसा अमेरिकन लष्कराच्या एका अभ्यास विभागाचा होता. २००९ च्या जानेवारीत तिथल्या गावांच्या संघटनेने जाहीर केलं की हे आम्हाला धड सांगितलं नव्हतं. संशोधकांनी ते नाकारलं, सांगितलं होतं म्हणाले. खरं-खोटं ते जाणोत. पण संमतीवर एकदा असा वाद झाला की ती परत मिळवायला फार कष्ट पडतात. आपल्याला नंतर ‘सांगितलं होतं’ म्हणायची वेळ यायला नको.

---

उदगीरकर

मैनाताईंच्या मुद्द्याला जोडून. मराठवाड्यात ‘सैन्य आलं’ या दोन शब्दांचा अर्थ घराघरात एक नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने हात टेकले. रझाकारांच्या जाचातून सुटलेल्या गावांना ते मुक्ती देणारं सैन्य. आमच्याही घरात १७ सप्टेंबरला झेंडा असतो. पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं ते शाळेत शिकवत नाहीत. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने गावं फिरून अहवाल दिला. कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली असा तिचा अंदाज, बहुतेक मुसलमान, आणि सर्वात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड. काही ठिकाणी जवान आणि पोलीस लुटीत आणि हत्येत सामील होते, आणि बऱ्याच ठिकाणी सैन्यानेच लोकांना वाचवलं, दोन्ही त्यात लिहिलंय. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता.

हे कुणावर चिखल उडवायला सांगत नाही. उदगीरच्या एकाच गल्लीत दोन घरांच्या आठवणी वेगळ्या आहेत एवढंच. स्वयंसेवक गट दोन्ही घरांत जातो. बॅनरवर काय छापलंय यावर एक दार उघडतं, एक बंद होतं.

---

बिनकामाचा_गडी

पॉपकॉर्न ठेवून दिलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

कोडे_उलगडा

प्रायोजकत्वाचा अनुभव इतरांचा बघा. दोन उदाहरणं पुरेत.

निक्सओएस, एक मुक्त संगणक प्रणाली. जर्मनीत डार्मश्टाटला २०२३ ची परिषद. प्रायोजकांच्या यादीत अँड्युरिल, अमेरिकन शस्त्र कंपनी. ओरड झाली, प्रायोजकत्व मागे घेतलं. मग २०२४ ला अमेरिकेतल्या परिषदेत तीच कंपनी परत यादीत. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, सदस्यांना नीट कळलं नाही. खुलं पत्र निघालं, जुनी माणसं सोडून गेली, शेवटी प्रकल्पाच्या संस्थापकालाही मंडळावरून बाजूला व्हावं लागलं. भांडण युद्धावरून सुरू झालं आणि ‘इथे निर्णय कोण घेतं’ यावर जाऊन थांबलं. पाणंदवाट, तुमच्यासाठी धडा यातच आहे. हो म्हणा, नाही म्हणा, पण तुम्ही आणि दोन मास्तर मिळून परस्पर म्हणू नका.

दुसरं उलट्या बाजूचं. ओपनबीएसडी या मुक्त संगणक प्रणालीला अमेरिकन संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेचे पैसे मिळत होते, वीस लाख डॉलरच्या वर. मुख्य विकसकाने इराक युद्धाच्या काळात वर्तमानपत्राशी बोलताना युद्धाविरुद्ध मत दिलं. २००३ च्या एप्रिलमध्ये पैसे थांबले, विकसकांचा मेळावा तोंडावर असताना. कारण अधिकृतपणे दुसरंच दिलं गेलं. पण पैसे चालू असताना काय बोलायचं याचा विचार त्यानंतर प्रत्येकाने केला असणार.

आता परदेशी मित्रांचं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रशियावरच्या निर्बंधांच्या कारणाने लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्याच्या) देखरेख करणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन नावं काढली गेली. वर्षानुवर्षं काम केलेली माणसं एका छोट्या बदलात गेली. कर्नल तरी कंपन्यांच्या वकिलांच्या दबावाखाली होता. तुम्ही आपण होऊन ‘राष्ट्रीयत्व कळवा’ असली अट घेताय. ढाक्याच्या ताईंना काय सांगणार?

---

हमाल_डेटाचा

हे मात्र पटलं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यावरच मी पत्र परत पाठवलं असतं. बाकी माझं म्हणणं तेच: शांततेचे कार्यकर्ते असल्याचा आव आणू नका. युद्ध वाईट म्हणून नाही म्हणताय का, की तुमचा ताबा जातोय म्हणून? दोन वेगळी कारणं आहेत.

---

पाणंदवाट

हमाल, हा प्रश्न चांगला टोचला. काल रात्री गटाची बैठक झाली, तिथेही कुणीतरी हेच विचारलं. उत्तर एक नाही निघालं. आमच्यातल्या एका मास्तरांना कुठल्याही देशाच्या सैन्याशी संबंध नको, ते सरळ अहिंसावाले आहेत, आणि एका पोराचा भाऊ लेहला आहे. दोघं एकाच गटात काम करतात ते पाणंद रस्त्यांवर एकमत आहे म्हणून, युद्धावर नाही. युद्धाबद्दल गटाची भूमिका ठरवायला गेलो तर गट उरणार नाही. म्हणून ती ठरवली नाही. ठरवलं ते एवढंच की कुणाच्याही नावावर त्याला न विचारता असं काम चढवायचं नाही. मास्तरांचा आक्षेप खरा आहे, आणि त्यांनी तो सिद्ध करून दाखवायची गरज नाही. फुकट येणाऱ्या माणसाला ‘यासाठी नाही’ एवढं म्हणायचा हक्क असतोच.

कंपनीला पाठवायचं उत्तर असं लिहिलंय:

“नकाशा खुला आहे, तुम्ही किंवा लष्कर तो कधीही, विना परवानगी वापरू शकता, पूर असो वा भूकंप. कुणालाही आधी देण्यासाठी आम्ही चित्रं राखून ठेवत नाही, म्हणून महिनाभराची अट मान्य नाही. सहभागींचं राष्ट्रीयत्व आम्ही कुणालाच कळवत नाही. मार्गदर्शन प्रणालीचं काम आमच्या सदस्यांनी या गटासाठी दिलेल्या वेळात बसत नाही. गावांनी माहिती आरोग्यसेवेसाठी दिली आहे, त्यामुळे संरक्षण क्षेत्रातल्या प्रायोजकाचं नाव शिबिराला लावता येणार नाही. तुमच्या कर्मचाऱ्यांना वैयक्तिक नकाशा काढायचा असेल तर स्वागत आहे. संघटितपणे करणार असाल तर ओपनस्ट्रीटमॅपच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कोण करतंय आणि कशासाठी ते आधी जाहीर करावं.”

मत पडलं तेव्हा दोघं विरोधात होते. त्यातला एक म्हणतो मी इंटर्नशिपला जाणार. जाऊ दे. त्याच्या नोकरीचा निर्णय गट घेणार नाही. पगारी असताना केलेले बदल वेगळ्या खात्यातून करायचे, एवढी अट त्यानेही मान्य केली.

---

वाळूजकर

पोराला अडवलं नाही हे बरं केलं. त्याच्या घरची परिस्थिती तुम्हाला माहीत असेल.

---

मांजरा_मैना

एक राहिलं. ती गायरानावरची दोन घरं उपग्रहाच्या चित्रात दिसतात, कुणीही काढू शकतं. पण आपण घरावर कुटुंबाचं नाव कधीच टाकत नाही, आणि ड्रोन तांड्यावर उडवायचा असेल तर नायकाला आणि बायकांना आधी विचारायचं, हे लेखी नियमात घ्या. कंपनीला नाही म्हणून आपण आपोआप शहाणे होत नाही. तलाठी उद्या चित्रं मागायला आपल्याकडेच येईल, आणि त्याला कुठली संरक्षण कंपनी लागत नाही.

---

पाणंदवाट

घेतलं. तलाठ्याबद्दलचं पण.

---

तेरणाकाठ

मत बदललेलं नाही माझं. चार ड्रोन गेले ते गेले. पण सुभेदारसाहेब बोलले तवापासून जास्त भांडावं वाटंना. पंख्याच्या वर्गणीचा क्यूआर टाका इथं, संपादकांनी काढायच्या आत.

---

सुभेदार_निवृत्त

मीही टाकतो. अन् फरशी पुलांची यादी पाठवा. कुठला किती भार घेतो ते बघायला शिबिराला येईन, खर्च माझा मी करतो. पोरांना जेसीबी गेलेला पूल आणि ॲम्ब्युलन्स जाईल असा पूल यातला फरक कुणीतरी दाखवला पाहिजे. नकाशात नुसती रेघ काढून ते कळत नाही.